गच्चीवरची टाकी गळतेय: डागडुजी कधी, नवी टाकी कधी

टाकीखालचा कोबा कायम ओला दिसतो, मोटर नेहमीपेक्षा जास्त वेळ चालवावी लागते, नाहीतर खालच्या खोलीच्या छताला लोणा फुटतो. यातलं एक जरी दिसलं की प्लंबरला फोन जातो आणि 'टाकी बदला' हा सल्ला मिळतो. तो लगेच मानू नका. प्लास्टिकची टाकी स्वतः फुटून गळते त्यापेक्षा तिचा जोड सैल पडून किंवा खालची बैठक वाकडी असल्यामुळे ती जास्त वेळा गळते. बैठक तीच ठेवून वर नवी टाकी बसवली, तर दोन-तीन उन्हाळ्यांत ती पण त्याच जागी तडकते.

आपल्याकडे याला उन्हाची जोड आहे. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि हिवाळ्यात पहाटे दहा अंशांच्या आसपास उतरतो. पीव्हीसीचा १० मीटर लांबीचा पाइप ३० अंशांनी तापला तर साधारण २ सेंटीमीटर लांबतो. टाकीचं पॉलिथीन त्याच्या दुप्पट-अडीचपट प्रसरण पावतं. रोज दुपारी फुगायचं आणि रात्री आकसायचं, असं वर्षानुवर्षं चालतं. ही सगळी ओढाताण येते ती टाकीला पाइप जिथे जोडलेला असतो त्या एका निप्पलवर.

आधी गळती नक्की टाकीचीच आहे का, ते ठरवा. संध्याकाळी टाकी पाऊण भरा. टाकीतून घरात जाणाऱ्या पाइपावरचा कॉक बंद करा, वर चढवणारी मोटर बंद ठेवा. झाकण उघडून आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलीने खूण करा आणि सकाळी बघा. हजार लिटरच्या टाकीचा व्यास बहुतेक वेळा १.१ मीटरच्या आसपास असतो, म्हणजे पाणी १ सेंटीमीटर उतरलं तर साडेनऊ लिटर गेलं. तुमच्या टाकीचा व्यास काढायचा असेल तर बाहेरून टेपने घेर मोजा आणि ३.१४ने भागा. कॉक बंद असताना पातळी जागची हलली नाही, तर त्या रेषेपर्यंत टाकी ठणठणीत आहे. मग दोष खालच्या पाइपात नाहीतर संडासच्या फ्लशमध्ये. फ्लशच्या टाकीत थोडी नीळ टाका आणि अर्धा तास फ्लश ओढू नका. भांड्यात निळसर धार दिसली तर फ्लशचं रबर गेलंय, त्याला गच्चीवर जायची गरज नाही.

बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की फुग्याने पाणी बंद करणारा कॉक, तोही बघून घ्या. बोअरच्या जड पाण्याने त्याच्या दांड्यावर आणि तोंडाशी क्षार चढतात, कॉक पुरता बंद होत नाही आणि पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून हळूच खाली जात राहतं. लोकांना वाटतं टाकी गळतेय. व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ब्रशने घासला की बरेचदा तो चालू होतो. फुग्यात पाणी शिरलेलं असेल तर मात्र फुगाच बदलायचा.

पातळी उतरत असेल तर टाकी भरून ठेवा आणि ती कुठे येऊन थांबते ते बघा. ही पद्धत फारसं कुणी वापरत नाही, आणि तीच सगळ्यात खात्रीची. पाणी उतरत उतरत एका रेषेवर थांबलं, तर भेग त्या रेषेवर आहे. आउटलेटच्या उंचीला थांबलं, तर निप्पल गळतोय. पार तळापर्यंत गेलं, तर तळ तडकलाय. जागा हेरल्यावर टाकी बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा, संशयित भागावर खडूची पूड चोळा. जिथे पूड आधी गडद होईल तिथून पाणी येतंय. टाकीच्या बुडाखाली वर्तमानपत्राचे कागद सरकवले तर तळातून येणारा पाझरही कळतो. थेंब अगदी बारीक असेल तरी सोडून देऊ नका. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला चार लिटरच्या वर पाणी जातं, आणि ते सगळं स्लॅबमध्ये मुरतं. आतली सळई गंजून फुगते, मग छताचं प्लास्टर पापुद्र्यासारखं सुटतं. त्या दुरुस्तीपुढे टाकीचा खर्च किरकोळ वाटेल. आणखी एक फसवणूक जड पाण्याची: जोडाच्या सांध्यात क्षार साचून गळती काही दिवस आपोआप बंद होते. पाइपाला धक्का लागला की पुन्हा सुरू.

निप्पल गळत असेल तर नवा वायसर घालून तो दुरुस्त होतो. टाकी रिकामी करा. पाइपाला युनियन (पाइप न कापता सोडता येणारा जोड) असेल तर ती सोडा, नसेल तर पाइप कापावा लागेल, आणि परत जोडताना तिथे युनियन घालूनच घ्या. रिकामी हजार लिटरची टाकी दोन माणसं सहज तिरपी करतात, तेव्हा ती गोणपाटावर आडवी करून तोंडातून हात घाला. उभ्या टाकीत तळाशी हात पोहोचत नाही म्हणून घरातल्या लहान पोराला आत उतरवतात, ते करू नका. आटे साफ करा, जुने रबरी वायसर फेकून द्या. नखाने दाबलं आणि खळी पडली नाही तर ते रबर मेलं. टाकीच्या आत एक आणि बाहेर एक, असे दोन्ही वायसर नवे घाला. निप्पलची आतली बाजू धरून ठेवा आणि बाहेरचा नट हाताने गच्च बसवा. नंतर पान्याने पाव ते अर्धा फेरा, बस्स. इथेच बहुतेक जण जोर लावतात. वायसर चिरडून बाहेर येतो, टाकीची भिंत त्या जागी दबते आणि काही महिन्यांत निप्पलच्या भोवती चांदणीसारख्या भेगा पडतात.

बाहेरच्या पाइपाच्या आट्यांना टेफ्लॉन टेप आठ-दहा वेढे, आटे ज्या दिशेने फिरतात त्याच दिशेने. सुतळी आणि सफेदा जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपांसाठी होता. प्लास्टिकच्या आट्यात सुतळी कोंबली की ती भिजून फुगते आणि सॉकेट उभा चिरतो. पिण्याच्या पाण्याला सफेदा तसाही नको.

जोड पक्का झाला म्हणजे काम संपलं असं नाही. टाकीतून निघालेला पाइप जर हवेत लोंबत असेल तर त्याचं आणि आतल्या पाण्याचं वजन त्याच निप्पलवर येतं. टाकीपासून एक फुटाच्या आत पाइपाखाली विटेचा किंवा क्लॅम्पचा आधार द्या. पुढे दोन-तीन फुटांवर क्लॅम्प, पण पाइप सरकू शकेल इतका ढिला. सरळ जाणाऱ्या लांब पाइपात एखादं वळण ठेवा, म्हणजे उन्हाळ्यातली वाढ त्या वळणात मुरते. उघड्यावरच्या पीव्हीसीला पांढरा रंग मारला की तो उशिरा ठिसूळ होतो.

टाकीच्या अंगाला चीर गेली असेल तर आपल्याकडे हमखास होतं ते म्हणजे दोन काड्या मळून लावायची पुट्टी, दुकानात एम-सील म्हणून मागतात ती. ती लोखंडावर, सिमेंटवर, जीआय पाइपावर चांगली चालते. पॉलिथीनला मात्र ही इपॉक्सीची पुट्टी धरतच नाही. पुट्टी कडक होते, टाकी फुगते-आकसते, आणि पंधरवड्यात पापडी सुटून येते. पीव्हीसी जोडायच्या सोल्युशनचंही तेच. ते पीव्हीसी विरघळवून चिकटवतं, पॉलिथीन त्यात विरघळत नाही. नळ येईपर्यंत दोन दिवस काढायचे असतील तर रबरी ट्यूबचा तुकडा आणि पट्टा आवळून काम भागवा, पण त्याला दुरुस्ती म्हणू नका.

पॉलिथीन जोडायचं ते वितळवूनच, म्हणजे प्लास्टिक वेल्डिंग. गाडीचे बंपर, मडगार्ड जोडणारे कारागीर हॉट एअर गनने हे करतात. त्यांना आधी विचारा की पॉलिथीनची काडी आहे का. दुसऱ्या प्लास्टिकची काडी टाकीला वरून चिकटल्यासारखी दिसते आणि ओढली की निघते. काडी नसेल तर त्याच टाकीच्या झाकणाच्या कडेची किंवा भंगारातल्या तशाच टाकीची पट्टी कापून वापरता येते.

पहिली गोष्ट, चिरेच्या दोन्ही टोकांना ४ मिलिमीटरचं भोक पाडा. त्याशिवाय चीर वेल्डिंगच्या पुढे चालत राहते, आणि कारागिराला दोष दिला जातो. मग चीर दिसते त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं भाग पातीने खरवडा. वरचा थर उन्हाने जळालेला असतो, त्याच्यावर केलेलं वेल्डिंग टिकत नाही. चिरेला व्ही आकाराची खाच करा, भिंतीच्या जाडीच्या निम्म्याहून थोडी जास्त खोल. २५० अंशांच्या आसपासच्या गरम हवेने खाच आणि काडी दोन्ही एकाच वेळी चकचकीत होईपर्यंत तापवून काडी दाबत पुढे जा. धूर निघायला लागला तर प्लास्टिक जळतंय, गन लांब धरा. टोकाच्या भोकांच्या दोन सेंटीमीटर पुढेपर्यंत काडी न्या. थंड करायला पाणी ओतू नका. आपोआप निवू द्या. जमलं तर आतूनही एक फेरी करा. तीन थरांच्या टाकीत मधला थर फोमसारखा असतो, तो नीट जुळत नाही, म्हणून अशा टाकीत आत-बाहेर दोन्हीकडून वेल्डिंग केल्याशिवाय भरवसा नाही. टाकीच्या आत गन चालवताना मात्र टाकी आडवी, तोंड उघडं आणि बाहेर दुसरा माणूस.

डागडुजी की नवी टाकी, याचा निर्णय पातीने करता येतो. उन्हाच्या बाजूचा, म्हणजे दक्षिण-पश्चिमेकडचा भाग पातीने खरवडा. कात्रण लवचीक, सालीसारखं निघालं तर प्लास्टिक जिवंत आहे, वेल्डिंग करा. खडूसारखी पूड पडली किंवा कात्रण मोडलं तर टाकी संपली. मग चीर एक असो की पाच, पैसे घालू नका. तळाला गेलेली चीरही मी दुरुस्तीच्या यादीत धरत नाही. हजार लिटर पाण्याचं एक टन वजन त्या चिरेवर रोज वर-खाली होणार असतं, शिवाय तळ चिरतो तो बैठकीमुळे.

बैठकीबद्दल थोडं सविस्तर. प्लास्टिकच्या टाकीला पूर्ण तळाला सपाट आधार लागतो. दोन बाजूंना विटा आणि मध्ये पोकळी, किंवा लोखंडी अँगलच्या स्टँडवर वर फळी न घालता ठेवलेली टाकी, हे दोन्ही प्रकार गावोगाव दिसतात आणि दोन्ही टाक्या तळाला तडकतात. अँगलची कड तळात रुतते. खाली एक खडा राहिला तरी तेच. स्टँड वापरायचाच असेल तर वर जाड चेकर्ड प्लेट किंवा शहाबादी फरशी सलग बसवा आणि टाकीपेक्षा चहूबाजूंनी चार-पाच इंच जास्त ठेवा. विटेच्या बांधकामावर घ्यायची असेल तर सळई घातलेला ३ ते ४ इंच जाडीचा स्लॅब घाला, वरून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा करा, स्पिरिट लेव्हल दोन दिशांना आडवी-उभी लावून बघा. टाकी एका बाजूला कलली की भार त्या बाजूच्या बुडाच्या कोपऱ्यावर येतो.

आणि जागा. साध्या गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला १५० किलो चालत्या भाराचा हिशोब धरून करतात. हजार लिटरची टाकी साधारण एक चौरस मीटरवर एक टन ठेवते, सहापटीहून जास्त. म्हणून टाकी खोलीच्या मधोमध ठेवू नका. कॉलमच्या डोक्यावर, बीमवर, नाहीतर दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यावर घ्या. जुन्या धाब्याच्या घरावर, म्हणजे सागाच्या तुळया आणि वर माती, तिथे टाकीचा विचारच सोडा. घराला लागून चार विटेचे खांब उभारून त्यावर स्वतंत्र स्लॅब हा उपाय आहे.

मापाचं म्हणाल तर माणशी रोज १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा सर्वसाधारण हिशोब. पाच माणसांना ६७५ लिटर, नळ तीन दिवसांनी येत असेल तर दोन हजारांच्या वर. पण दोन हजारांची एकच टाकी घेण्यापेक्षा हजाराच्या दोन घ्या, दोघींना वेगळा कॉक, दोन वेगळ्या बीमवर. एक गळली तरी दुसरीवर घर चालतं, आणि धुवायला पाळी लावता येते. विकत घेताना टाकीवर आयएस १२७०१ चा आयएसआय शिक्का आहे का ते बघा, आणि झाकण काढून आत उजेडाकडे बघा. बाहेरून टॉर्च लावल्यावर आत प्रकाश दिसला तर त्या टाकीत शेवाळ धरणार.

भोकं पाडताना होल-सॉ (गोल भोक कापणारी करवत) वापरा, टाकीवर जिथे सपाट गोल जागा दिलेली असते तिथेच. गरम सळईने भोक पाडलं की कड ओबडधोबड होते आणि वायसर बसत नाही. आउटलेट तळापासून दोन इंच वर ठेवा, म्हणजे गाळ घरात येत नाही. गाळ काढायला तळाशी वेगळा वॉशआउट. ओव्हरफ्लोचा पाइप भरणाऱ्या पाइपापेक्षा मोठ्या मापाचा हवा, पाऊण इंची भरणा असेल तर सव्वा इंची ओव्हरफ्लो. त्याच्या तोंडाला बारीक जाळी, डासांसाठी. प्रत्येक निघणाऱ्या पाइपावर आधी कॉक, मग युनियन. टाकी भरून चोवीस तास ठेवा, सगळे जोड कोरड्या कागदाने तपासा, एखादा ओला लागला तर पाण्याचा दाब असतानाच नट जरासा आवळा. पहिलं पाणी फेकून द्या, म्हणजे फरशी धुवायला वापरा.

उन्हासाठी केळीच्या रोपांवर रावेर-यावलकडे लावतात ती हिरवी शेडनेट पुरते. टाकीपासून फूटभर वर बांधा, अंगाला चिकटवू नका. पाणी दुपारी कढत येणं कमी होतं आणि प्लास्टिकही टिकतं. मेअखेरीला केळी आडवी करणारी वादळं येतात, तेव्हा रिकामी टाकी बैठकीवरून उडते. बाहेरगावी जाताना टाकी निम्मी भरून ठेवा आणि पट्ट्याने बांधून ठेवा. सातपुड्याच्या पायथ्याला वानरांचा उपद्रव असेल तर झाकणाला साखळी लावा.

आता हौद. जमिनीतला हौद गळतो का, हे उन्हाळ्यात ओळखणं कठीण, कारण तोंड उघडं असेल तर मे महिन्यात दिवसाला सेंटीमीटरच्या आसपास पाणी वाफेनेच उडतं. हौदाच्या पायरीवर एक बादली अशी ठेवा की तिच्यातलं पाणी आणि हौदातलं पाणी एका पातळीला असेल. दोन दिवसांनी दोन्ही किती उतरलं ते मोजा. दोन्ही सारखं उतरलं तर वाफ, हौद जास्त उतरला तर गळती.

हौदाची कारणं वेगळी. तापीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. विटेच्या हौदाच्या भिंती त्या मातीबरोबर हलतात आणि चीर कोपऱ्यात किंवा भिंत-तळ मिळतात तिथे पडते. दुरुस्ती नेहमी आतून करा, बाहेरून लावलेलं काहीही पाण्याचा दाब ढकलून पाडतो.

आत उतरण्याआधी मोटरचा फ्यूज काढा, हौद उघडा ठेवून काही तास पंख्याने आत हवा मारा. बंद हौदात प्राणवायू कमी असतो आणि माणूस ओरडायच्या आत कोसळतो. बाहेर दुसरा माणूस आणि कंबरेला दोर, यात तडजोड नको. तो कोसळला तर वाचवायला दुसऱ्याने तसंच आत उडी मारू नये, दोराने ओढावं.

शेवाळ तारेच्या ब्रशने काढा, पोकळ वाजणारं प्लास्टर पाडा. चीर २० मिलिमीटर रुंद आणि तितकीच खोल उघडा, धुवा, ओली ठेवा, पण पाणी साचलेलं नको. न आकसणाऱ्या ग्राउटने (भेगा भरायच्या सिमेंटच्या मालाने) ती भरा. पाइप भिंतीतून जातो तिथेही तेच, पाइपाभोवती खोदून भरा, बऱ्याच हौदांची गळती फक्त तिथेच असते. पाडलेल्या प्लास्टरच्या जागी १:३ चा माल (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू), चाळलेली गिरणा नदीची वाळू, ५० किलोच्या सिमेंटच्या गोणीला डब्यावर लिहिलं असेल तितकंच वॉटरप्रूफिंग केमिकल. जास्त घातलं म्हणून जास्त टिकत नाही. सगळ्या कोपऱ्यांना आणि तळाला गोल वाटा मारून घ्या, म्हणजे माल भरून कोपरा गोलसर करा. त्यावर सिमेंट-पॉलिमरचं दोन घटकांचं कोटिंग, पिण्याच्या पाण्याला चालतं असं डब्यावर लिहिलेलं. पहिला हात आडवा, दुसऱ्या दिवशी दुसरा हात उभा. २ बाय दीड बाय दीड मीटरच्या हौदाला आतून साडेतेरा चौरस मीटर होतात, दोन हातांना २५ किलोच्या आसपास माल लागतो. डांबर आत लावू नका.

उन्हाळ्यात गिलावा पहाटे करा. दहाच्या उन्हात माल सुकतो, मुरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी जाळीसारख्या भेगा दिसतात. ओलं गोणपाट सात दिवस, कोटिंगला कंपनी सांगेल तितकं. मग हौद एकदम न भरता रोज थोडा थोडा भरा.

हौदाऐवजी गच्चीवरचीच प्लास्टिक टाकी जमिनीत पुरायची युक्ती काही जण करतात. ती वरच्या वजनासाठी बनवलेली नसते. पावसाळ्यात काळी माती फुगली आणि टाकी रिकामी असली की ती एका बाजूने चेपते, नाहीतर पाण्यावर तरंगून पाइपासकट वर येते. पुरायचीच तर जमिनीत घालायला बनवलेली, फासळ्या असलेली वेगळी टाकी मिळते, ती घ्या.

जुनी टाकी भंगारात देण्याआधी बघा, आडवी कापली तर खालचा अर्धा भाग गुरांना पाणी पाजायला चालतो. कड कानशीने घासून घ्या, म्हशीच्या गळ्याला लागते.